गच्चीवरचं कार्ड आणि बैठकीतलं कार्ड

बुधवार, ४ मे २०२२

रत्नाकरनं सूनबाईसाठी सदर बाजारातून लॅपटॉप आणला त्याला आज आठवडा झाला. मला आज दाखवला. बाप एकोणचाळीस वर्षं फॅक्टरीच्या तपासणी खात्यात होता, हातातून गेलेला प्रत्येक नग गेजवर लावून पाहत होता, रिटायर झाल्यावर व्हिडिओ पाहून पाहून स्वतः संगणक जोडायला शिकला. पण लेकानं खरेदी केली दुकानदाराला विचारून.

मशीन म्हणजे नागलीचा पापड. बटणांच्या खाली रंगीत दिवे, वरातीच्या घोड्याला लावतात तसे. कोपऱ्यात स्टिकर, त्यावर ग्राफिक्स कार्डाचा नंबर. आणि तो नंबर कोणता? माझ्या डेस्कटॉपमधल्या कार्डाचाच! माझं कार्ड विटेपेक्षा लांब आहे, दोन पंखे आहेत, हातात धरलं तर मनगटाला कळतं की काही धरलं आहे. तेच या पापडाच्या पोटात? मी विचारलं, "ठेवलं कुठं रे ते? घडी घालून?"

त्याला इटारसीची गाडी पकडायची होती. "बाबा, सेम आहे. चिप तीच," म्हणाला नि निघाला. पाच दिवस रेल्वेच्या नोकरीपायी इटारसीत राहतो, पण ज्ञान साऱ्या जगाचं.

सूनबाई, म्हणजे विभावरी, अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते. भिंत इथं, सोफा तिथं, ऊन खिडकीतून इतकं, असं सगळं मांडायचं आणि मग मशीनला सांगायचं की आता याचं खरं दिसणारं चित्र काढ. त्याला ते लोक रेंडर म्हणतात. मी शिजवणं म्हणतो. कारण ते शिजवणंच आहे: सामान तुमचं, आच कार्डाची, आणि आच कमी असली की भात कच्चा.

शुक्रवार, ६ मे

विभाला भोपाळहून मोठं काम चालून आलं आहे. तिथं एक बँक्वेट हॉल बांधून राहिले आहेत. त्याच्यातून अठरा सेकंद फिरून आल्यासारखा व्हिडिओ करून द्यायचा, तीस तारखेपर्यंत. तो आवडला तर वर्षभराचं बांधलेलं काम तिला. नाही आवडला तर पुन्हा इथल्याच लोकांच्या मॉड्युलर किचनची चित्रं. वीस तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं आहे.

अठरा सेकंदांची चारशे बत्तीस चित्रं होतात. चारशे बत्तीस! आणि हॉलला अकरा झुंबरं. माणसं तिथं जेवायला येणार की झुंबरं मोजायला, देव जाणे.

हे सगळं त्या पापडावर शिजणार? मी ठरवलं, दोन्ही कार्डांची रीतसर तपासणी करायची. इंटरनेटवर अशा तपासण्या ढिगानं आहेत. पोरं दाढी कोरून बसतात, मागे निळा दिवा, नि सांगतात लॅपटॉपचं कार्ड डेस्कटॉपच्या पंच्याऐंशी टक्के चालतं. एसीत बसून मोजतात लेकाचे! जबलपूरच्या मे महिन्यात मोजून दाखवा म्हणावं. तपासणी म्हणजे जिथं वस्तू वापरायची तिथं मोजायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. यांना कोणी शिकवलं नाही.

सोमवार, ९ मे

तपासणी पत्रक तयार केलं. पट्टीनं रकाने आखले: मशीन, कार्ड, चित्र, सुरू, संपलं, लागलेला वेळ, खोलीचं तापमान, शेरा. विभाच्याच फाइलमधलं एक चित्र निवडलं, चार झुंबरांचं.

आधी माझं मशीन. बैठकीत, कूलरसमोर. भय्यासाहेब साक्षीला होते. ते पोस्टातून निवृत्त झाल्यापासून रोज अकराला बुद्धिबळाला येतात आणि पाचपर्यंत असतात. त्यातला दीड तास बुद्धिबळ. चित्र शिजलं तीन मिनिटं पाच सेकंदांत! मी घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरलं. ते म्हणाले, "नीलकंठराव, तुमचा कूलर म्हणजे कूलर. माझ्या घरी सुनेनं कूलर आपल्या खोलीत नेला. काय बोलणार?" आणि झोपले.

लॅपटॉप वर आहे, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. विभा तिथंच काम करते. मी वर जात नाही. लग्न झाल्यापासून वरचा मजला लेकसुनेचा. सासऱ्यानं जिन्याच्या वळणापुढं पाय टाकू नये ही आमच्या घरची रीत, आणि मी ती सहा वर्षं पाळली आहे. म्हणून पत्रक बायकोच्या, अनसूयेच्या, हाती पाठवलं. तापमानाचा रकाना मी खालीच भरून दिला. बैठकीतल्या थर्मामीटरवर एकतीस होतं, वरच्यालाही एकतीस लिहिलं. घर एकच. उगाच त्या पोरीला अजून एक काम कशाला?

अनसूया पत्रक घेऊन जिना चढताना म्हणाली, "एवढं प्रेमपत्र तुम्ही मला कधी पाठवलं नाही."

बुधवार, ११ मे

पत्रक परत आलं. सात मिनिटं चाळीस सेकंद.

मी दोनदा वाचलं. दुपटीहून जास्त! नंबर तोच, चिप तीच, नि हा निकाल. पंच्याऐंशी टक्के म्हणे. जेमतेम चाळीस टक्के भरतं. फॅक्टरीत असा नग आला असता तर मी लाल रंग फासून कोपऱ्यात फेकला असता. भय्यासाहेबांना हिशेब सांगितला: चारशे बत्तीस चित्रं, पंचावन्न तास. ते म्हणाले, "मग बँक्वेट हॉल आधी बांधूनच होईल." खूप हसलो.

संध्याकाळी ते गेल्यावर विभा खाली आली. केस ओले. ही दिवसातून तीनदा आंघोळ करते, नर्मदाजी जणू आमच्याच टाकीतून वाहते. मी म्हटलं, "बेटा, फाइल पेनड्राइव्हवर दे. मी माझ्या मशीनवर शिजवून देतो. तू आराम कर."

"नको बाबा. मधे मधे बघावं लागतं. चूक दिसली की थांबवून, बदलून पुन्हा लावायचं असतं."

"तर मग बैठकीत येऊन बघ ना."

"दुपारी भय्याकाका असतात," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

आता भय्यासाहेब काय वाघ आहेत? मी तिला बैठकीत यायला कधी मनाई केली? या घरात कधी कोणाला मनाई केली नाही मी.

शनिवार, १४ मे

सदरला गेलो. ऑटोवाल्यानं ऊन दाखवून जास्त मागितले, चालतच गेलो, चिडून. दुकानदार चंद्रशेखर भैया, वय पस्तीस असेल, गल्ल्यामागे बसून कलिंगड खात होता. पत्रक त्याच्या समोर ठेवलं.

"बाबूजी, नंबर एक है, खुराक अलग है," तो म्हणाला. "आपके डेस्कटॉप वाले कार्ड को एक सौ सत्तर वॉट मिलता है. लैपटॉप वाले को अस्सी-नब्बे. मेमरी भी आधी है, आपकी बारह, उसकी छह."

"फिर नंबर एक काहे को छापा?"

"हमने थोड़ी छापा."

"हमारे यहाँ दो नाप के पुर्जों पर एक नंबर डालते तो सस्पेंड हो जाते."

"इसीलिए तो आप सरकारी थे, बाबूजी." कलिंगडाची एक फोड माझ्याकडे सरकवली. मग पत्रक पुन्हा पाहिलं. "पर सात-चालीस बहुत ज्यादा है. चलाते कहाँ हैं इसको?"

"घर में. और कहाँ, भट्टी पे?"

"हवा-ववा लगती है ना?"

"मकान दीक्षितपुरा में है, पाताल में नहीं."

तो पुन्हा कलिंगड खायला लागला. विकलेल्या मालाचा दोष गिऱ्हाइकाच्या घरावर ढकलायचा, ही यांची विद्या! कलिंगड मात्र गोड होतं, तेवढं खोटं बोलणार नाही.

सोमवार, १६ मे

घरात वस्तू गायब होऊन राहिल्या आहेत. परवा जेवणाचं मोठं ताट नव्हतं. काल पुरणाची जाळी. फ्रिजमधला बर्फाचा ट्रे तर कायम रिकामा, आणि भय्यासाहेबांना सरबत साध्या पाण्याचं द्यावं लागलं. अनसूयेला विचारलं तर म्हणाली, "वर आहे सगळं." काहून वर? "तुमच्या त्या पापडाला वाळवून राहिली ती." या बाईला सरळ उत्तर देता येत नाही.

आज अहवाल लिहायला घेतला. मनात एक गोष्ट खुटखुटते आहे ती इथं लिहून ठेवतो. दुकानदार म्हणतो त्या हिशेबानं निम्मे वॉट म्हणजे वेळ फार तर दुप्पट व्हायला हवा. अडीचपट काहून झाला? बहुधा त्यानं वॉटही खोटे सांगितले.

बुधवार, १८ मे

अहवाल पूर्ण. तीन पानं, सहीसकट. निष्कर्ष: सदर लॅपटॉप दिलेल्या कामास अपात्र.

जेवणं झाल्यावर रत्नाकरला फोन लावून सगळ्यांसमोर वाचून दाखवला. फोन ताटांच्या मधे ठेवला होता. तो पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढं मोजलं म्हणजे बरोबरच असेल. विभा, मग राहू दे ना ते भोपाळचं. पंचावन्न तास मशीन चालवायचं, मधेच बंद पडलं तर नाव खराब होईल."

विभा हातातलं ताट घेऊन उठली.

मी म्हटलं, "माझ्या मशीनवर करा म्हणतो मी, पण तिलाच नको आहे."

अनसूयेनं पातेलं असं आपटलं की फोनमधून रत्नाकरनं विचारलं काय पडलं. "काही नाही," ती म्हणाली, "तुझ्या वडिलांची मोजपट्टी."

माझा शब्द लेकानं मानला, बऱ्याच वर्षांनी. बरं वाटायला हवं होतं. झोपण्याआधी अहवाल पुन्हा काढून वाचला.

शुक्रवार, २० मे

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी अडीचला विभा खाली आली. मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ती अनसूयेला म्हणाली, "आई, मी भोपाळला नाही म्हणून कळवून टाकलं." आणि ओट्याला धरून खाली बसली. उठता येईना. चेहरा लाल, अंग तापलेलं, मग उलटी. अनसूयेनं तिला मधल्या खोलीत आडवं केलं, डोक्यावर ओला पंचा टाकला, कांदा, कैरीचं पन्हं, सगळं सुरू केलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले. लू लागली आहे म्हणाले, वेळेवर पाहिलं म्हणून ठीक, दोन दिवस उन्हात जाऊ देऊ नका. अनसूया म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ती घराबाहेर पडलीच नाही."

विभा डोळे मिटूनच पुटपुटली, "वर मशीन चालू राहिलं."

अनसूयेनं माझ्याकडे पाहिलं. तिला विभाजवळून हलता येणार नव्हतं. मी जिना चढलो. वळणावर सवयीनं खाकरलो. वर कोण होतं ऐकायला?

दार ढकललं तर भट्टी. उगाच लिहीत नाही, फॅक्टरीत मी भट्टीच्या विभागात दोन वर्षं काढली आहेत, मला भट्टीच्या तोंडाची झळ ओळखू येते. पत्रा डोक्याला लागेल इतका खाली. खिडकीवर ओली चादर टांगलेली, ती सुकून पापड झालेली. आमचं मोठं ताट मांडलेलं, त्यात बर्फ ठेवलेल्या वाट्या, वर पुरणाची जाळी आणि जाळीवर लॅपटॉप. तो असा घों घों करत होता की बिचाऱ्याला दम लागला म्हणावं. बाजूला पंखा, त्याचं तोंड लॅपटॉपकडे. तिच्याकडे नव्हे.

भिंतीवर एक कागद चिकटवला होता. तिनं रोजच्या वेळा लिहिल्या होत्या. पहाटे पाच: चार मिनिटं पंचवीस. सकाळी दहा: साडेपाच. दुपारी दोन: सात चाळीस. सगळ्या ओळी नीट, पट्टीनं आखलेल्या. माझ्यापेक्षा सरळ.

मी मशीन बंद केलं आणि खाली आलो. बुद्धिबळ खेळलो नाही.

शनिवार, २१ मे

थर्मामीटर घेऊन बरोबर दोनला वर गेलो. चव्वेचाळीस. तेच चार झुंबरांचं चित्र लावलं आणि स्टुलावर बसलो. सात मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. तेवढ्यात माझा सदरा पाठीला चिकटला आणि घड्याळावर घामाचे थेंब पडले. सात मिनिटं. ती आठ-आठ तास बसत होती.

मग लॅपटॉप काखेत मारून खाली आणला, कूलरसमोर ठेवला. भय्यासाहेब जागे होऊन म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "तपासणी. पाय आवरा." चार मिनिटं वीस सेकंद.

पुन्हा केलं. चार एकोणीस.

म्हणजे माझ्या कार्डापेक्षा मागंच आहे, आणि राहणारच, त्याला निम्मं खायला मिळतं. पण तीन मिनिटांना सव्वाचार. दीडपटीच्याही आत. दुकानदार खरं बोलला होता. बाकी सव्वातीन मिनिटं लॅपटॉपची नव्हती, पत्र्याची होती. आणि ती मी एकतीस लिहून लपवली. न मोजता आकडा भरला! माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्याला मी दाराबाहेर उभं केलं असतं. तिकडे त्या दाढीवाल्या पोरांनी निदान एसी चालू आहे हे सांगितलं तरी होतं.

संध्याकाळी मधल्या खोलीत गेलो. विभा उशीला टेकून बसली होती, पन्हं पीत. मी तिला आकडे सांगितले.

"मला माहीत होतं, बाबा."

"मग बोलली काहून नाहीस?"

ती पेल्यात बघत राहिली. "सांगणार होते. पण पत्रक आलं तेव्हा तो रकाना भरलेला होता. तुमच्या अक्षरात."

"पन्हं पी," म्हटलं. ती पीतच होती.

सोमवार, २३ मे

काल रत्नाकरला फोन करून अहवाल मागे घेतला. त्याला आधी समजेनाच. "मागे म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे चुकला. तपासणाऱ्याकडून चुकला." मागे इटारसीच्या गाड्यांची घोषणा चालू होती. मग म्हणाला, "विभाला द्या." त्यांचं काय बोलणं झालं माहीत नाही, मी मोगऱ्याला पाणी घालायला गेलो.

आज विभानं भोपाळला फोन लावला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आता दुसऱ्याला काम सांगून झालं. तुम्हाला करून पाठवायचं तर तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत पाठवा, दोन्ही बघू, चांगलं असेल ते ठेवू. वचन नाही.

"म्हणजे करूनही पाण्यात जाऊ शकतं," विभा म्हणाली. माझ्याच पापाचं पाणी. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि विचारलं, "बाबा, बैठकीत बसू?"

बुधवार, २५ मे

दोन्ही मशीनं बैठकीत लावली. विभाचा हिशेब असा: झुंबरं कमी दिसतात ती तीनशे चित्रं लॅपटॉपवर, झुंबरांच्या गर्दीची एकशे बत्तीस माझ्या कार्डावर. कारण लॅपटॉपच्या सहा जीबी मेमरीत अकरा झुंबरं मावत नाहीत, मशीन मधेच हात वर करतं. माझ्या बारा जीबीत मावतात. बघा! शेवटी धावून आलं कोण?

पण कूलर, डेस्कटॉप आणि लॅपटॉप तिन्ही चालू केले की फ्यूज जातो. दोनदा गेला. जुन्या वायरिंगला दोष देऊन फायदा नाही. त्यात माझं मशीन सगळी गरमी खोलीतच फेकतं, बैठक चौतीसवर गेली आणि लॅपटॉप पाच मिनिटांवर आला. मधल्या खोलीत अर्थिंग नाही.

तेव्हा डेस्कटॉपला पत्र्याच्या खोलीत नेऊन मोजलं. खोली चव्वेचाळीस. कार्ड: तीन मिनिटं बत्तीस सेकंद! सत्तावीस सेकंदांचा फरक, बस्स. मोठे पंखे, ऐसपैस पेटी, हवा जायला-यायला वाट. हा खरा माल. पापड त्याच खोलीत अडीचपट बसला होता. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.

म्हणून निर्णय असा: मजबूत मशीन वाईट खोलीत, नाजूक मशीन चांगल्या खोलीत. डेस्कटॉप वर, लॅपटॉप बैठकीत. आणि डेस्कटॉपवर लक्ष ठेवायला कोणी तरी हवं, म्हणून मी वर. हा निव्वळ तांत्रिक निर्णय आहे. अनसूयेला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "हो ना, मी कुठं काय म्हटलं?" आणि माझ्या हातात ओला पंचा आणि कांदा दिला. लू लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवला आहे.

जिन्याची रीत? विभाच म्हणाली, "बाबा, खाकरू नका आता. दर खेपेला घसा बसेल."

शनिवार, २८ मे

वरून लिहितो आहे. अक्षर ओघळलं तर घाम समजावा. सकाळी सात ते अकरा आणि चार ते सात, एवढीच परवानगी आहे. मधल्या वेळात मशीन एकटं शिजवतं, मी खाली झोपतो, बैठकीत नाही, मधल्या खोलीत. बैठक आता ऑफिस आहे.

भय्यासाहेब दोन दिवस रुसून आले नाहीत. आज आले. कूलर कोणाला सुटतो? मी जिन्यातून ऐकत होतो.

"सूनबाई, नीलकंठराव कुठं आहेत?"

"वर, कामावर आहेत, काका."

"आणि मी कुठं बसू?"

"तिथं भिंतीकडे बसा. फक्त वायरवर पाय नको. आणि घोरू नका हं, मला आवाजातून मशीनचा पंखा ओळखावा लागतो."

सत्तर वर्षांच्या माणसाला असं कोणी बोललं नसेल. भय्यासाहेब भिंतीकडे बसले. मी वर येऊन एकटाच हसलो.

वर शिजणारी चित्रं विभाला खाली लॅपटॉपवर एका छोट्या खिडकीत दिसतात. छप्पन्न नंबरच्या चित्रात तिला सावलीची चूक दिसली. जिन्याच्या खालून ओरडली, "बाबा, थांबवा!" मी थांबवलं. तिनं बदलून पेनड्राइव्ह दिला. पुन्हा एकशेदोनला: "बाबा, थांबवा!" मला तर काही चूक दिसत नव्हती. एकोणचाळीस वर्षं चुका काढून खाल्ल्या, आणि या पोरीला खांबाच्या बुडाशी दिसलेली सावली मला भिंग लावूनही दिसली नाही. तिला ती फोनएवढ्या खिडकीत दिसली.

सोमवार, ३० मे

साडेचारला पाठवलं. चारशे बत्तीसपैकी एकही कच्चं नाही. शेवटी सगळं जोडून बघितलं, चौघांनी, बैठकीत. अठरा सेकंदांत संपलं. भय्यासाहेब म्हणाले, "बस? एवढंच?" विभा एवढी हसली की तिला ठसका लागला.

गुरुवार, २ जून

फोन आज आला, बाराच्या सुमाराला. मी आणि भय्यासाहेब पट मांडून बसलो होतो, विभा समोर मशीनवर. ती फोन घेऊन आत जाईल असं मला वाटलं. गेली नाही. तिथंच बसून बोलली. भय्यासाहेबांनी घोडा उचलून "शह!" म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं तळहात वर केला. एवढंच. भय्यासाहेब घोडा हवेत धरून बसले. पोस्टमास्तर जनरलसमोरही हा माणूस गप्प बसला नव्हता.

"जी मॅडम... जी... तो जून से ही शुरू?" मला पटावरचं काही दिसेना. "जी, हर महीने दो हो जाएँगे." मग तिकडून काही विचारलं असावं. ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "नहीं मॅडम, अकेली नहीं हूँ. दो मशीनें हैं. ऊपर वाली पर मेरे असिस्टेंट बैठते हैं."

असिस्टंट! एकाहत्तर वर्षांचा, पगार नाही, पंखा नाही, खिशात कांदा. जिच्या मशीनला मी तीन पानं भरून अपात्र ठरवलं तिनं मला एका वाक्यात नेमून टाकलं, अर्ज न मागता.

भय्यासाहेबांनी घोडा अजून हवेतच धरला होता. "ठेवू का आता?" त्यांनी कुजबुजून विचारलं.

मी विभाकडे बोट दाखवून म्हटलं, "मॅडमना विचारा."